सल्ला ऐका, पण सल्ला देणाऱ्याचे हितही ओळखा
(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'खरीप पिकांचे व्यवस्थापन' असा विषय छापला आहे. बियाण्याचे प्रमाण, खतांच्या मात्रा आणि पेरणीचे अंतर यांचे तक्ते आपणांस घडीपत्रिकेत मिळालेच आहेत. ते वाचून दाखवण्यात मी आपला वेळ घेत नाही. आज मी व्यवस्थापनाच्याच, पण तक्त्यात न बसणाऱ्या एका बाबीविषयी बोलणार आहे. आपण माती तपासतो, विहिरीचे पाणी तपासतो, बियाण्याची उगवण तपासतो. कानावर येणारा सल्ला मात्र आपण तपासत नाही आणि हंगामाच्या खर्चाचा मोठा भाग त्या सल्ल्यावरच होतो.

रुमालाखालचा सौदा

आपल्यातील वयस्कर मंडळींनी बाजारातील रुमालाखालचा सौदा पाहिला असेल किंवा वडिलांकडून ऐकला असेल. अडत्या आणि खरेदीदार कापडाखाली हात धरत व बोटे दाबून भाव ठरवत. ज्याचा माल तो शेतकरी शेजारीच उभा असे, परंतु भाव काय ठरतो आहे हे त्याला कळत नसे. याला हत्ता पद्धत म्हणत. असे प्रकार थांबावेत व लिलाव उघड व्हावा, यासाठी कायदे करावे लागले. वऱ्हाडात १८९७ च्या कायद्याने कापूस व धान्याचे नियंत्रित बाजार आले, मुंबई इलाख्यात १९२७ चा कापूस बाजार कायदा झाला आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा आला.

आता विचार करा, त्या दोघांना तोंडाने बोलता येत नव्हते का? येत होते. पण उघड बोलण्यात त्यांचे नुकसान होते, म्हणून त्यांनी बोलण्याची पद्धतच बदलली. माणूस काय बोलतो, किती बोलतो, कोणता शब्द वापरतो आणि कोठे गप्प बसतो, हे पुष्कळदा त्याच्या हितावरून ठरते. तो माणूस वाईटच असतो असे नाही. लिलावातला रुमाल कायद्याने काढता येतो, पण शब्दांवरचा रुमाल ज्याचा त्यालाच काढावा लागतो. तो कसा काढावा, एवढेच आज सांगायचे आहे.

दुकानातील भाषा

राष्ट्रीय नमुना पाहणीने २००३ साली देशातील शेतकरी कुटुंबांना विचारले होते की, तुम्हांला शेतीची माहिती कोठून मिळते? शंभरांपैकी सुमारे १७ कुटुंबांनी प्रगतिशील शेतकऱ्यांकडून मिळते असे सांगितले आणि सुमारे १३ कुटुंबांनी निविष्ठा विक्रेत्यांकडून. सरकारी विस्तार कार्यकर्त्याचे नाव घेणारी कुटुंबे सहासुद्धा नव्हती. हा दोष आमच्याकडेही येतो. आम्ही पोचत नाही, दुकानदार मात्र रोज भेटतो. अडचणीत उधारीवर माल देतो. त्याच्याविषयी आपल्याला आपुलकी वाटते, यात गैर काही नाही.

परंतु त्याची बाजूही समजून घ्या. युरियाच्या गोणीची किंमत सरकार ठरवते आणि त्यात त्याला फारसे सुटत नाही. उलट, खताच्या गाडीबरोबर दुसरी उत्पादने घ्यावीच लागतात. याला बाजारात 'लिंकिंग' म्हणतात. तो माल दुकानात पडून राहिला तर त्याचे भांडवल अडकते. मग युरिया मागणाऱ्या शेतकऱ्याला तो म्हणतो, "भाऊ, नुसत्या युरियाने काय होणार? सोबत हे टॉनिक न्या, रिझल्ट बघा." या वाक्यात आपल्या पिकाची गरज किती आणि त्याच्या गोदामाची गरज किती, हे आपण विचारत नाही.

शब्दांकडेही लक्ष द्या. आपण कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. औषध मारले, औषध संपले, औषध आणले. औषध जास्त घेतले तर लवकर बरे वाटेल असे माणसाला वाटते, विषाबाबत असे कोणाला वाटत नाही. 'टॉनिक' या शब्दाचेही तसेच आहे. अशक्त माणसाला टॉनिक, मग पिवळ्या पडलेल्या पिकालाही टॉनिक. पीक नत्र कमी पडल्याने पिवळे झाले, लोह कमी पडल्याने झाले की मुळाशी पाणी साचल्याने झाले, हा प्रश्न त्या एका शब्दाखाली झाकला जातो. टॉनिक म्हणून विकल्या जाणाऱ्या या जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशात फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रथमच स्थान मिळाले. त्याआधी कितीतरी वर्षे ती दुकानात विकली जातच होती.

जे कोणी सांगत नाही ते

हितसंबंधामुळे माणूस जसा जास्त बोलतो, तसा गप्पही बसतो. ज्या गोष्टीत कोणाचाच फायदा नसतो, ती गोष्ट कोणी सांगत नाही. याचे उदाहरण कपाशीचेच घेऊ.

आपल्या देशात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ पासून दोन जनुकांचे वाण आले. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी मिळत असे. ती शेताच्या कडेने आश्रय ओळी म्हणून लावायची होती. हेतू असा की, बोंडअळीची काही प्रजा बीटीच्या संपर्काशिवाय वाढावी. तिचे पतंग, बीटी पचवून जगलेल्या पतंगांशी संकर करतील आणि अळीत प्रतिकारशक्ती येण्यास उशीर लागेल.

या ओळी किती जणांनी लावल्या? हात वर करा म्हणत नाही, कारण मला उत्तर माहीत आहे. पुडी बांधावर टाकली गेली. दोष कोणाचा? बियाणे विकणाऱ्याला 'शेताच्या काही भागात अळी पडू द्या' असे सांगणे धंद्याच्या दृष्टीने अवघड होते. दुकानदाराला त्या पुडीत काही सुटत नव्हते. शेतकऱ्याला तेवढी जागा सोडणे जिवावर येत होते. आणि आम्ही? आम्ही मासिकात एक परिच्छेद छापला व सांगितल्याचे समाधान मानले. शिवारात येऊन त्या ओळी लावून घेण्याचे श्रम आमच्यापैकी फार थोड्यांनी घेतले.

फरदडीचेही असेच झाले. डिसेंबरअखेर पीक संपवा आणि पऱ्हाटी शेतात ठेवू नका, हा सल्ला फुकटचा आहे. त्यात कोणाची बाटली खपत नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कपाशीचे किती नुकसान केले, ते आपण भोगले आहे. पुढे बिगर-बीटी बियाणे पाकिटातच मिसळून देणे सुरू झाले. परंतु कामगंध सापळे लावणे, सलग तीन दिवस दर सापळ्यात ८ पतंग आढळले तरच फवारणीचा निर्णय घेणे, आणि हिरवी बोंडे फोडून पाहणे हे अजूनही आपल्यालाच करावे लागते.

यवतमाळचा धडा

त्याच २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर जो तो आपापल्या सोयीचे बोलू लागला. कोणी म्हणाले, शेतकऱ्यांनी हातमोजे व मुखपट्टी वापरली नाही. कोणी म्हणाले, दोन-तीन रसायने एकत्र केली. कोणी पंपाला दोष दिला, कोणी डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीला. या प्रत्येक बोलण्यात काही तथ्य होते. पण प्रत्येकाने निवडलेले तथ्य दुसऱ्याच्या दोषाचे होते, हे ध्यानात घ्या.

येथे मी आपल्यालाही एक प्रश्न विचारतो. पंप बहुधा रोजंदारीवरच्या माणसाच्या पाठीवर असतो. बाटलीवरचे लेबल आपण त्याला कधी दाखवले आहे काय? त्रिकोणाचा रंग लाल असेल तर ते रसायन अत्यंत विषारी, पिवळा असेल तर खूप विषारी, निळा मध्यम आणि हिरवा असेल तर त्यामानाने सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक असेही नव्हे. एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे आपण देत नाही, कारण हे ऐकून माणूस कचरला तर काम आजच्या आज संपणार नाही. हेसुद्धा हितसंबंधाचे गप्प बसणेच आहे आणि ते आपल्या बांधाच्या आत आहे.

म्हणून फवारणी सकाळी किंवा सायंकाळी, वाऱ्याच्या दिशेने पाठ करून करावी. लेबलवर शिफारस नसेल तर रसायने एकत्र मिसळू नयेत. मळमळ, चक्कर, अंधूक दिसणे किंवा फार लाळ सुटणे अशी लक्षणे दिसताच काम थांबवून, अंगावरचे कपडे बदलून, साबणाने अंग धुऊन रुग्णाला दवाखान्यात न्यावे. सोबत डबा किंवा त्यातील माहितीपत्रक न्यावे, म्हणजे डॉक्टरांना नेमके विष कळते.

बाजारात आकड्याने बोला

आता माल विकण्याकडे वळू. सोयाबीन घेऊन आपण आवारात गेलो की पहिले वाक्य ऐकू येते, "ओल फार आहे." खरेदीदार ओल जास्त सांगणार, आपण कमी सांगणार. दोघांचे हित उलट आहे, म्हणून तोंडी वादाला अंत नाही. येथे गणित उपयोगी पडते.

सोयाबीनसाठी १२ टक्के ओलावा हे प्रमाण मानले जाते. समजा, आपल्या मालात १५ टक्के ओलावा आहे. म्हणजे १०० किलोत ८५ किलो कोरडा माल आहे. हा माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला तर ८५ भागिले ०.८८, म्हणजे सुमारे ९६.६ किलो भरेल. घट झाली सुमारे ३.४ किलो. ओलावा १४ टक्के असेल तर घट सुमारे २.३ किलो आणि १८ टक्के असेल तर सुमारे ६.८ किलो. एवढी वजावट वजनाच्या हिशेबाने रास्त आहे. वाळवणीची मजुरी व जोखीम यांसाठी थोडे अधिक मागितले तर समजू शकते. पण १५ टक्के ओलाव्याला क्विंटलमागे ८-१० किलोची कपात सांगितली जात असेल, तर तेथे ओलावा बोलत नाही, हित बोलत आहे. असे गणित कागदावर मांडून दाखवले की आवाज न चढवता बोलणे होते. मात्र त्यासाठी ओलावा मापकाचा आकडा आपल्यासमोर घेतला गेला पाहिजे.

आपणही त्यातलेच

दुसऱ्याकडे बोट दाखवून मला थांबता येणार नाही. आपल्या गावातील एकच पीक तीन तऱ्हांनी सांगितले जाते. पैसेवारी ५० पैशांच्या खाली यावी असे वाटते तेव्हा 'यंदा काहीच नाही'. मुलीच्या सासरकडची मंडळी आली की 'देवाच्या दयेने भरपूर आहे'. आणि कंपनीच्या कार्यक्रमात हातात ध्वनिक्षेपक आला की 'एकरी विक्रमी'. शेत तेच आणि धनी तोच. यातून शेजाऱ्याचे नुकसान होते, कारण तो तिसरे उत्तर ऐकून पुढच्या वर्षी बियाणे आणतो.

आता माझी गोष्ट सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एका शेतकऱ्याच्या शेतावर सोयाबीनचे प्रात्यक्षिक होते. ऑगस्टमध्ये पावसाने मोठा खंड दिला. शेजारी विहीर होती. शेंगा भरताना शेतमालकाने तुषार संचाने दोन वेळा पाणी दिले आणि पीक तरले. पाहणीच्या दिवशी आम्ही फलक लावला. त्यावर वाण लिहिला, बियाणे लिहिले, खत लिहिले, उत्पादन लिहिले. दोन पाण्यांचे लिहिले नाही. लिहू नका असे मला कोणीही सांगितले नव्हते. वरिष्ठ येणार होते, छायाचित्रे निघणार होती, प्लॉट चांगला दिसावा एवढेच माझ्या मनात होते.

पुढच्या वर्षी शेजारच्या गावातील एका शेतकऱ्याने तोच वाण हलक्या, कोरडवाहू जमिनीवर चार एकर पेरला. शेंगा भरताना पाऊस गेला. नंतर ते तालुक्याच्या ठिकाणी भेटले. रागावले नाहीत. म्हणाले, "सर, त्या फलकावर पाण्याचं लिहिलं असतं, तर मी चारही एकर नसतं पेरलं. एक एकर करून पाहिलं असतं." मला उत्तर देता आले नाही.

बंधूंनो, त्या प्रकरणात मला कमिशन नव्हते. तरीही माझे हित होते आणि त्याने माझ्या हातून एक ओळ गाळून घेतली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फलकावर पावसाचे मिलिमीटर, जमिनीचा प्रकार आणि दिलेल्या पाण्याच्या पाळ्या लिहिलेल्या असतात. ज्या प्रात्यक्षिकात अपयश आले, त्याचाही फलक लावतो. तेथे गर्दी कमी होते, पण आलेली माणसे जास्त वेळ थांबतात. आपणही विद्यापीठाचा माणूस म्हणून माझ्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. मलाही पुढील प्रश्न विचारा.

विचारायचे पाच प्रश्न

१) माझ्या पिकात नेमके काय दिसले म्हणून हे वापरायचे? पीक न पाहता, पान न पाहता दिलेला सल्ला अंदाज असतो.

२) हे वापरले नाही तर काय नुकसान होईल आणि किती? 'पाहा बुवा, नंतर म्हणू नका' हे उत्तर नव्हे, ती भीती आहे.

३) लेबलवर माझे पीक आणि ही कीड किंवा रोग लिहिला आहे काय? नसेल तर घेऊ नये.

४) हा सल्ला चिठ्ठीवर लिहून द्याल काय? मालाचे नाव, मात्रा, तारीख आणि सोबत गट क्रमांकासह पक्की पावती. लिहून देताना माणूस आपोआप मोजून बोलतो.

५) ज्या शेताचे उत्पादन सांगता, तेथे जमीन कशी होती, पाणी किती दिले आणि शेजारी न वापरलेली पट्टी होती काय?

कसोटी आपल्या शेतातच

या प्रश्नांची उत्तरे पटली तरीही सगळ्या शेतावर एकदम प्रयोग करू नका. नवे टॉनिक किंवा नवे खत आणले तर मधले सहा तास कोरे सोडा. बाकी सर्व मशागत, पाणी व फवारण्या सारख्याच ठेवा. काढणीच्या वेळी वापरलेले सहा तास आणि कोरे सहा तास वेगवेगळे मळून वजन करा. डोळ्यांनी तुलना करू नका. पैसे खर्च केलेल्या माणसाच्या डोळ्यांना पीक हिरवेगार दिसते. तेही आपले हितच.

मग हिशेब करा. समजा, एकरी फवारणीचा खर्च मजुरीसह ९०० रुपये आला आणि सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,५०० रुपये आहे. तर खर्च निघण्यासाठीच एकरी २० किलो उत्पादन वाढले पाहिजे. त्याहून जास्त वाढ दोन हंगाम मिळाली तर अवश्य वापरा, आणि दुकानदाराला तसे आनंदाने सांगा. नाही मिळाली तरी सांगा. तुमच्या वजनकाट्याचा आकडा ऐकलेला दुकानदार पुढच्या वेळी तुमच्याशी वेगळे बोलतो, हा माझा अनुभव आहे.

बियाण्याचेही तसेच. पाकिटावर काही छापलेले असो, घरच्या किंवा विकतच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा. ७० किंवा अधिक दाण्यांना निकोप कोंब आले तर पेरणीयोग्य. त्याहून कमी आले तर बियाणे बदला किंवा प्रमाण वाढवा. गोणपाटाला कोणाचे हित नसते, म्हणून त्याची साक्ष खरी मानावी.

शेवटी एक विनंती. गावात दहा-बारा शेतकऱ्यांचा गट करा आणि एक वही ठेवा. कोणी काय सांगितले, काय वापरले, किती खर्च आला आणि वजन किती भरले, हे त्यात लिहा. वाढलेलेही लिहा आणि बुडालेलेही लिहा. पैसेवारीसाठी वेगळे, पाहुण्यांसाठी वेगळे असे त्या वहीत चालणार नाही. आपले नुकसान शेजाऱ्याला खरे सांगणे ही लाज नाही. त्याचे चार एकर त्यामुळे वाचू शकतात.

येत्या हंगामात अशी वही सुरू केलेल्या गटाने मला जरूर बोलवावे. मी भाषण करणार नाही, वही वाचायला येईन.